हिरव्या रेघेवरचे ट्रक

आमच्या घरासमोरून हायवे जातो. पोलादपूर सोडून कशेडीच्या पायथ्याकडे निघालेली प्रत्येक गाडी आमच्या पडवीसमोर हॉर्न वाजवते, कारण वळणच तसं आहे. नवा पाहुणा आला की सकाळी लाल डोळ्यांनी चहा पितो आणि विचारतो, तुम्ही इथे झोपता तरी कसे? मला उलट माहेरी गेलं की झोप येत नाही. तिथे वरच्या वाडीत इतकी शांतता असते की स्वतःच्या कानातला आवाज ऐकू येतो आणि उगाच भीती वाटते.

आमचे हे ट्रक चालवायचे. महाडच्या औद्योगिक वसाहतीतून पिंपं भरायची, घाट चढायचा, माल पोचवून परत यायचं, यात उमेदीची सगळी वर्षं गेली. धंद्यातले भागीदार महाडचे भाई. तरुणपणी ते आखातात वाळवंटातून ट्रेलर चालवत होते. परत आले ते गाडी घ्यायची म्हणूनच, आणि चालवायला भरवशाचा माणूस म्हणून ह्यांना धरलं. पुढे मालक कोण आणि ड्रायव्हर कोण हे दोघंही विसरून गेले. पावसात घाटात दरड आली, गाड्या अडकल्या, की बाकीचे ड्रायव्हर ह्यांच्या केबिनपाशी जमायचे. हे बोलायला लागले की दरड कधी हटली तेसुद्धा कळायचं नाही, असं भाई सांगतात. घरीही तेच. मी चुलीपाशी आणि हे उंबऱ्यात, आणि तोंडाची टकळी चालू. मी कितीदा म्हटलं असेल, जरा जीभ टेकवा, भात करपतोय.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी दात घासता घासता ह्यांना झटका आला.

हातपाय वाचले. उजवा पाय थोडा ओढतात, काठी लागते, पण परसातल्या पेरूपर्यंत स्वतः जातात. डोकं तर पहिल्यासारखंच लख्ख आहे. गेलं ते बोलणं. शब्द आत तयार असायचे, हे डोळ्यांवरून कळायचं; पण तोंडातून यायचा तो नुसता एक रुंद, ओला आवाज. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा नळ सोडला आणि रडले. नळ सोडायची काही गरज नव्हती. कान ह्यांचे शाबूत होते, त्यांना सगळं ऐकू गेलंच असणार.

बोलणं शिकवणाऱ्या एक बाई पुण्यात आहेत, असं महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं. पावसाआधी एकदा जाऊन आलो. मग दरडींमुळे पुण्याकडचा वरंध घाट बंद झाला, लांबचा वळसा ह्यांना झेपेना, तेव्हा बाई म्हणाल्या की सराव घरी करा, दिवाळीनंतर भेटू. सरावासाठी त्यांनी इंटरनेटवरचं एक पान दिलं. ट्रकच्या कामासाठी घेतलेला लॅपटॉप घरात होताच आणि तो मीच चालवायचे, त्यामुळे अडचण नव्हती. त्या पानावर मधोमध एक हिरवी रेघ. आपण 'आ' म्हणायचं, की रेघ वर उठते. आवाज जितका लांब तितकी टेकडी रुंद, जितका मोठा तितकी उंच. रोजच्या टेकड्या तिकडे पुण्यात बाईंना दिसायच्या.

त्या दिवसांची आठवण मला अजूनही धुक्यातून आल्यासारखी येते. बाहेर पाऊस, पडवीत आम्ही दोघं, मांडीएवढ्या टेबलावर लॅपटॉप. हे 'आ' म्हणायचे आणि रेघेवर एक लहानशी टेकडी उठायची, थोडा वेळ थांबायची, डावीकडे सरकत नाहीशी व्हायची. मग समोरून ट्रक जायचा, हॉर्न वाजवायचा आणि त्याचाही डोंगर उठायचा. ह्यांच्या टेकड्या आणि ट्रकचे डोंगर एकामागोमाग सरकत जाताना आम्ही बघत बसायचो. मोठा हॉर्न आला की हे हसायचे, बोटाने दाखवायचे, ही सहाचाकी, ही दहाचाकी. बोटांनी का होईना, पण गप्पा चालल्या होत्या. मला तेव्हा खूप सुखी वाटायचं, हे लिहायला विचित्र वाटतं, पण खरं आहे.

मग गणपती आले आणि गणपतीबरोबर पाहुणे.

दरवर्षी येतात त्याहून जास्त आले. मुंबईहून दीर-जावा, पाचाडची नणंद, तिचे जावई, पुतण्या, भाच्या. आजारी माणसाला बघून जायचं म्हणून आले आणि आल्यावर त्यांना कळेना की न बोलणाऱ्या माणसापुढे बसून करायचं काय. दोन मिनिटं हात हातात घेऊन बसायचे, "आता बरं वाटतंय ना?" विचारायचे, उत्तर यायला वेळ लागतोय म्हटल्यावर नजर इकडेतिकडे फिरायची आणि लॅपटॉपवर स्थिरायची. "काकी, हा किती स्लो आहे! थांब, तुला एक चांगली गोष्ट टाकून देतो." मग तो चेहरा कसा उजळायचा! रिकाम्या हाताने जाणार नाही, काहीतरी करून जाणार, याचं समाधान.

या चांगल्या गोष्टींना एक्स्टेंशन म्हणतात हे मला तेव्हा कळलं. मला एक्स्टेंशन म्हणजे मिक्सरला लावायचा वायरचा बोर्ड माहीत. ही ब्राउझरला लावायची असतात. पुतण्याने जाहिराती अडवणारं लावलं. नणंदेच्या जावयाने खरेदीत सवलत शोधणारं लावलं. ते सराव चालू असतानाही कोपऱ्यात उड्या मारून 'आज बचत करा' म्हणायचं. एका भाचीने पानं पिवळसर करणारं लावलं, डोळ्यांना त्रास नको म्हणून. तेव्हापासून आमच्या लॅपटॉपमध्ये कायम संध्याकाळ. दुसरीने असं लावलं की नवीन पान उघडलं की आधी बर्फाचा डोंगर दिसावा आणि खाली 'शुभ सकाळ', दुपारी चार वाजतासुद्धा. कुणी शब्दांचे अर्थ दाखवणारं, कुणी पासवर्ड सांभाळणारं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, त्यातली गत.

आणि भाई. ते गणपतीत दरवर्षी येतात, मोदक खातात, आरतीच्या वेळी पडवीत बसून टाळ्या वाजवतात. त्यांनी ट्रकचे डोंगर पाहिले आणि त्यांना वाईट वाटलं. "हा काय तरास, वहिनी? माझा भाऊ एवढा जीव काढून 'आ' बोलतोय आणि मधे ह्या गाड्या घुसतात." आखातातल्या मुलाशी बोलताना मागचे आवाज काढून टाकणारा एक फिल्टर ते वापरत. तोच त्यांनी आमच्या ब्राउझरला जोडला. स्वतः चष्मा लावून, एकेक बोटाने टाइप करून, मुलाला फोनवर विचारत विचारत. "आता सगळी खरखर साफ. गाळून टाकील. राहील तो फक्त माणसाचा आवाज." मला ते फार आवडलं. आम्ही दोघंच असताना मी त्याला गाळणी म्हणायला लागले.

यातलं एकही मी काढलं नाही. आमच्याकडे दिलेली वस्तू काढून टाकत नाहीत. नणंदेने दिलेलं मोराचं घड्याळ वर्षभर कपाटात असतं, पण तिची जीप वळणावर दिसली की मी स्टुलावर चढून ते भिंतीवर लावते. जावेने दिलेल्या काचेच्या बशा जाऊ आली की निघतात. भाईंनी आणलेलं आखाती ब्लँकेट ते येणार त्या दिवशी मेमध्येसुद्धा खाटेवर असतं. हे खोटं वागणं नाही. देणाऱ्याला आपण घरात आहोत असं वाटावं, एवढंच. घड्याळाचं एक बरं असतं, ते कपाटात ठेवता येतं. लॅपटॉपमधल्या वस्तूंना कपाट असतं हे मला माहीत नव्हतं, म्हणून सगळ्या बाहेरच राहिल्या. कोण कधी येईल आणि ब्राउझरच्या कोपऱ्यात आपल्या वस्तूचं चित्र शोधील, सांगता येतं का?

भाई गेल्यावर पाहुण्यांच्या गडबडीत सराव राहिलाच; मग गणपती गेले आणि ह्यांना ताप आला. साधाच ताप, पण आठवडाभर अंथरुणात. उठल्यावर पहिल्या दिवशी आम्ही पडवीत बसलो, पान उघडलं. ह्यांनी श्वास घेतला आणि 'आ' केलं.

रेघ हलली नाही.

पुन्हा केलं. गळ्याच्या शिरा वर आल्या. मला आवाज ऐकू येत होता, पूर्वीसारखाच, उलट थोडा जाडच. रेघ मात्र आडवी ती आडवी. मी म्हटलं, काहीतरी बिघडलंय, थांबा. आणि खात्री करायला मी स्वतः 'आ' म्हटलं. माझी टेकडी उठली, सरसर, हिरवीगार.

हे माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेचा अर्थ लावायला मला शब्द लागले नाहीत. यंत्र चांगलं आहे, मीच गेलोय, असं ते म्हणत होते.

"अहो, मला ऐकू येतंय ना तुमचं," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. बायकोच्या ऐकण्यावर कोण विश्वास ठेवणार? बायकोला तर नवरा न बोलताही ऐकू येतो, तिची साक्ष चालत नाही. त्या दिवसानंतर त्यांनी आणखी दोनतीनदा प्रयत्न केला. मग तोंड उघडायचंच बंद केलं. जेवण वाढलं की मान हलवायचे, चहा नको असेल तर कप सारायचे. आधी निदान तो ओला आवाज तरी घरात फिरायचा. आता खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

महाडच्या डॉक्टरांना दाखवलं. दुसरा झटका नाही, तापाचा परिणाम नाही, म्हणाले, मनाने खचलेत, वेळ द्या. मी ताकदीचं औषध आणलं, गावातल्या एका म्हातारीने सांगितलं म्हणून वेखंड उगाळून जिभेला लावलं, देवळात नारळ ठेवला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, हे आता कळतं.

पुण्याहून बाईंचा फोन आला. "आलेख सपाट दिसतोय. सराव होत नाहीये का?" मी म्हटलं, करत होते पण रेघ उठत नाही. त्या म्हणाल्या, त्यांना फोनवर द्या बघू. ह्यांनी पाठ फिरवली. मग बाई फार मायेने म्हणाल्या, की काही जणांचं असं होतं, आवाज पुढे जात नाही. अशा वेळी बोलण्याचा आग्रह सोडायचा आणि चित्रांचा तक्ता द्यायचा. पाण्याचं चित्र, जेवणाचं चित्र, दुखतंय असं चित्र. बोट ठेवलं की घरच्यांना कळतं. पुढच्या आठवड्यात पाठवू का?

मी ह्यांना सांगितलं. त्यांनी भिंतीकडे बघतच मान डोलावली. हो, पाठवा. ज्या माणसाच्या बोलण्यात दरड विरघळायची तो आता पेल्याच्या चित्रावर बोट ठेवायला तयार झाला होता, आणि तेही सुटल्यासारखा. मला त्यांचा राग आला. इतका राग आला की मी परसात जाऊन उगाच पेरूच्या फांद्या तोडल्या.

भाई दर शुक्रवारी नमाज झाली की मोटारसायकलवर यायचे, बेकरीचे चहात बुडवायचे कडक बटर घेऊन. खाटेपाशी खुर्ची ओढायचे आणि दोघांचं बोलणं एकटेच बोलायचे. "कसा हायेस? बरा हायेस. जेवलास? जेवलास. आज घाटात काय झाला माहीत हाय? नाय? सांगतो." प्रश्नही त्यांचा आणि उत्तरही त्यांचंच. गप्पांमध्ये खड्डा पडू नये म्हणून ते भरत राहायचे. जाताना लॅपटॉपकडे बघून विचारायचे, "फिल्टर चालतोय ना, वहिनी?" मी म्हणायचे, छान चालतोय.

तक्ता यायचा होता त्या आठवड्यातली एक दुपार. पाऊस संपला होता, समोरच्या शेतात भात पिवळं पडायला लागलं होतं, आणि ऊन असं की हायवेवरच्या गाड्या पाण्यात चालल्यासारख्या लहरत दिसत होत्या. हे झोपले होते. मी पडवीत बसून ते पान उघडलं. का उघडलं ते सांगता येत नाही. जुने डोंगर आठवत होते, बाकी काही नाही. भाचीच्या त्या पिवळट उजेडात हिरवी रेघ आडवी पडली होती आणि मी तिच्याकडे बघत अर्धवट पेंगत होते. एक ट्रक आला, वळणावर हॉर्न दिला, गेला. मागून दुसरा आला. आत कुकरची शिटी झाली. मागच्या दाराशी कुत्रं भुंकलं.

रेघ आडवीच होती.

पेंग उतरायला थोडा वेळ लागला. मग मी ताठ बसले. ट्रकचा डोंगर कुठे गेला? गणपतीच्या आधी तर एकेका हॉर्नला रेघ वरच्या कडेला जाऊन आपटायची. मी हळूच 'आ' म्हटलं, टेकडी उठली. मी टाळी वाजवली, काही नाही. पितळेचा तांब्या फरशीवर आपटला, काही नाही. म्हणजे हे यंत्र बहिरं नव्हतं. ते निवडत होतं. माझं घेत होतं आणि ट्रक, कुकर, कुत्रं आणि माझा नवरा यांना एका रांगेत बाहेर उभं करत होतं.

पानाच्या तळाशी 'मदत' असं लिहिलेलं होतं, ते उघडलं. जड मराठीत सूचना होत्या. आवाज नोंदला जात नसल्यास तिसऱ्या पक्षाची एक्स्टेंशन्स बंद करा, पान नव्याने उघडा, मग एकेक चालू करून दोष शोधा. तिसरा पक्ष म्हणजे कोण, हे मी दोनदा वाचलं. ब्राउझर एक, हे पान दुसरं, आणि त्यांच्यामध्ये बाहेरून येऊन बसलेला तो तिसरा. म्हणजे आमचे पाहुणे.

शोधत शोधत ती यादी सापडली. सगळे एकाखाली एक बसले होते, पंक्तीला बसल्यासारखे, आणि प्रत्येकापुढे एक लहानसं बटण. नाकापेक्षा मोती जड झाला होता. तरीही पहिलं बटण बंद करताना मला खरोखर अपराधी वाटलं. पुतण्याला म्हटलं, जरा बाहेर बस रे. जावयांना म्हटलं, तुमची बचत राहू द्या. भाचीची संध्याकाळ बंद केली आणि पडदा पांढराफटक झाला, डोळे दिपले. भाईंच्या गाळणीपाशी बोट थोडं थांबलं. मग तीही बंद केली. पान नव्याने उघडलं आणि हायवेकडे बघत बसले.

गाडी हवी असते तेव्हा कधी येत नाही. एक मोटारसायकल गेली, हॉर्न न देता. एक रिकामी रिक्षा गेली. मग लांबून पोलादपूरच्या बाजूने दहाचाकीचा तो दमलेला आवाज आला, वळण जवळ आलं, आणि हॉर्न.

डोंगर उठला. पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत.

मी तोंडावर हात दाबला. पण कुणामुळे, ते अजून कळलं नव्हतं, आणि मला कळायलाच हवं होतं. सूचनेत म्हटलं होतं, एकेक करून बघा. पण माझं माहेर पोलादपूरच्या डोंगरातलं. आमच्या वाडीला वरच्या झऱ्यावरून पाइपने पाणी यायचं, आणि पाणी थांबलं की वडील झऱ्यापासून सांधे तपासत उतरायचे नाहीत. ते मधल्या सांध्यापाशी जायचे. तो उघडला आणि पाणी आलं, तर तुंबलंय खाली. नाही आलं, तर वर. मग उरलेल्याचा पुन्हा मध्य. मीही तेच केलं. अर्धे पाहुणे आत घेतले, ट्रकची वाट पाहिली. डोंगर उठला, म्हणजे हे निर्दोष. उरलेल्यातले अर्धे आत घेतले, पुन्हा ट्रक. ती दुपार अशी गेली की प्रत्येक ड्रायव्हर माझ्यासाठी हॉर्न देतोय असं वाटत होतं. कोण कुठले, कुठे चाललेले, त्यांना काय माहीत. मला मात्र त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं.

शेवटी दोघं उरले, बर्फाचा डोंगर आणि गाळणी. बर्फाचा डोंगर चालू केला, ट्रक दिसला. गाळणी चालू केली, ट्रक नाहीसा झाला. बंद केली, पुढच्या ट्रकचा डोंगर आला. चालू, नाही. बंद, आला.

माणसाचा आवाज तेवढा ठेवायचा, बाकी खरखर गाळायची, एवढंच त्या बिचारीला शिकवलं होतं. माझ्या नवऱ्याचा 'आ' तिला खरखर वाटला.

मागे काठी वाजली. हे उंबऱ्यात उभे होते. कधीपासून उभे होते कोण जाणे. मी बटण चालू-बंद करताना ट्रक येतात आणि जातात, हे त्यांनी पाहिलं होतं. मी सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. गाडीतला बिघाड ऐकून ओळखणारा माणूस तो, त्याला काय समजवायचं? ते आले, खुर्चीत बसले, गाळणीच्या बटणाकडे बोट दाखवून माझ्याकडे बघितलं. बंद आहे, मी म्हटलं.

त्यांनी श्वास घेतला आणि 'आ' केलं. टेकडी उठली. थोडी वेडीवाकडी, उजव्या बाजूला खचलेली, पण उठली. त्यांनी ती डावीकडे सरकून नाहीशी होईपर्यंत पाहिली. मग दुसरी केली. मग तिसरी. रडत होते आणि 'आ' म्हणत होते, आणि हुंदक्यांच्याही टेकड्या उठत होत्या. मी स्वयंपाकघरात गेले नाही. तिथेच बसून रडले.

पुण्याला फोन केला आणि म्हटलं, बाई, तक्ता पाठवू नका. त्यांनी पुढचे दिवस सकाळ-संध्याकाळ सराव दिला. 'आ' झाला, 'ई' झाला, ओठ मिटून 'मा' झाला. हे घरात फिरताना स्वतःशी पुटपुटायला लागले. कधी एखादा सुटा शब्दही फुटायचा; जोडून काही येत नव्हतं, पण तोंड चालू होतं, आणि मला तेवढ्याने चार घास जास्त जायला लागले.

आणि शुक्रवार आला.

मोटारसायकलचा आवाज वळणावर ऐकला आणि मी सवयीने उठले. खाटेवर ब्लँकेट टाकलं. मग खाटेवर बसलेल्या ह्यांच्यापुढच्या लॅपटॉपपाशी गेले. भाई विचारणार, फिल्टर चालतोय ना. कोपऱ्यात ते निळं चित्र शोधणार. त्यांनी एकेक बोटाने, जीव लावून बसवलेली वस्तू. तिच्यामुळे काय झालं हे त्यांना कळलं, तर ते आयुष्यभर स्वतःला बोल लावतील. घटकाभर चालू करायची, ते गेले की बंद. मोराच्या घड्याळासारखं. माझं बोट बटणावर गेलं आणि ह्यांनी डावा हात माझ्या हातावर ठेवला. घट्ट.

तोवर भाई आत आले. बटरची पिशवी माझ्या हातात दिली, खुर्ची ओढली. "कसा हायेस? बरा हायेस. आज तोंड जरा उजळलंय तुझा. वहिनी, फिल्टर चालतोय ना? गाड्यांचा तरास नाय ना आता?"

"छान चालतोय, भाई," मी म्हटलं. जन्माची सवय, जीभ आपोआप वळते.

ह्यांनी मान हलवली. जोरात. नाही. मग ओठ जुळवले, सोडले, परत जुळवले. "तु... झी..."

"माझी तब्येत? माझी बरी हाय," भाई म्हणाले, "मला काय होतंय—"

ह्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं. असं त्यांना कुणी कधी थांबवलं नसेल. भाई तोंड उघडं ठेवूनच गप्प झाले. बाहेरून एक ट्रक गेला. भाई आणि मी थांबलो होतो. ह्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"तुझी... गाळ... णी... मलाच... गाळते... रे."

भाईंना गाळणी म्हणजे काय ते कळेना. ते माझ्याकडे बघायला लागले. मग मला सांगावंच लागलं, फिल्टर, रेघ, ट्रक, ताप, भिंतीकडे तोंड, सगळं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला. "या अल्ला," ते म्हणाले, "म्हणजे एवढे दिवस माझ्याच हाताने मी—" त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. मी म्हटलं, असं काय करता, तुम्ही चांगल्यासाठीच केलंत. पण ते माझं ऐकतच नव्हते. त्यांनी डोकं वर केलं, आणि मी काय सांगितलं यापेक्षा ते कुणी आधी सांगितलं, हे तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं.

"तू बोललास," ते म्हणाले. "वहिनी, हा बोलला. पुरा बोलला." खुर्ची सोडून ते खाटेवर, ह्यांच्या शेजारी येऊन बसले. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं. "अजून बोल. मी मधे नाय बोलत. काय पण बोल. शिवी दे मला. माझी चूक हाय, मोठ्यातली मोठी शिवी दे."

आणि मग खरंच ते मधे बोलले नाहीत. दोन्ही हात मांडीवर ठेवून, शाळेतल्या मुलासारखे बसून राहिले. ह्यांनी श्वास घेतला, ओठ जुळवले, थांबले, पुन्हा श्वास घेतला. आम्हाला घाई नव्हती.

आणि दिली. ती मी इथे लिहीत नाही, पण तिच्यातलं अक्षर न् अक्षर स्पष्ट होतं.